दिवेवाल्या रोरीची यादी

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या ग्लेस बेमध्ये रोरी मॅकलेलन नावाचे निदान अकरा जण आहेत, त्यामुळे नुसतं रोरी म्हणून भागत नाही. एक पाववाला रोरी. एक लंगडा रोरी, त्याचे पाय धडधाकट आहेत, लंगडा होता तो त्याचा आजोबा. आणि एक दिवेवाला रोरी. ही हकिकत दिवेवाल्याची. त्यात मी कुठे येते ते पुढे कळेलच, आणि ते मला फारसं शोभणारं नाही हे आधीच सांगून ठेवते.

कोळशाची खाण चालू होती तेव्हा रोरी खाणीच्या तोंडाशी, दिव्यांच्या खोलीत कामाला होता. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिवा द्यायचा, त्याच्या नंबरची पितळी चकती पाटीवरच्या खिळ्याला अडकवायची, आणि पाळी सुटली की दिवा परत घेऊन चकती उतरवायची. पाटीवर चकती राहिली म्हणजे माणूस खाली राहिला. पंचवीस वर्षं त्याने हे केलं. शेवटची चकती उतरल्याशिवाय हा घरी जायचा नाही, मग चुलीवरचा रस्सा आटून कोळसा होवो. त्याची बायको सेडी वैतागायची. ती फार लवकर गेली, आणि मग वैतागायलाही कुणी उरलं नाही. एक मुलगी तेवढी होती, फ्लोरा.

खाण बंद झाली तेव्हा सरकारला एकाएकी आमची काळजी वाटायला लागली. साठ खाणकामगारांना शाळेतल्या पोरांच्या बाकांवर बसवलं आणि सांगितलं, आता कॉम्प्युटर शिका. माझा नवरा होता त्यात. तीन आठवड्यांत पळून आला. म्हणाला, "बर्नी, तो माऊस माझ्या हाताखाली सापडतच नाही." साठातले सत्तावन्न असेच गळाले. रोरी मात्र शेवटपर्यंत बसला, आणि नंतरही सुटला नाही. त्याला त्या डब्याच्या आतलं आवडलं. कुठला भाग कशाशी जुळतो, कशाला किती वीज लागते, काय कशात मावतं. मला विचाराल तर त्याला पुन्हा एक पाटी मिळाली होती.

माझं कमर्शियल स्ट्रीटवर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे. गावात कुणाला हवा तसा कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा असला की तो आधी माझ्याकडे येत नाही. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात आम्ही ताराबिश खेळतो, तिथे रोरीकडे जातो. ताराबिश म्हणजे आमचा पत्त्यांचा डाव, दोघंदोघं भिडू समोरासमोर बसून. दोन डावांच्या मध्ये कुणीतरी खुर्ची ओढून रोरीच्या शेजारी बसतं आणि हळूच पैशांचा एक आकडा सांगतं. एवढेच आहेत म्हणतं.

रोरी त्या आकड्याकडे लक्षच देत नाही. तो विचारतो, "ठेवणार कुठे?" मग, "त्या खोलीत आणखी कोण झोपतं?" कारण पंख्याच्या आवाजाने माणसाची झोपमोड होते. मग, "घरात मांजर आहे?" कारण केस. मग कुठे तो डावाच्या गुणांचा कागद उलटा करून पेन्सिलीने यादी लिहायला घेतो. पहिल्या ओळीत पॉवर सप्लाय. कायम. पोरांचं लक्ष ग्राफिक्स कार्डावर, खोक्यातल्या रंगीत दिव्यांवर. ती कुरकुरतात. रोरी म्हणतो, "अरे, आत वीज नीट आली नाही तर तुझं ते कार्ड काय मेणबत्तीवर चालवशील?"

यादी पुरी झाली की तो ती वरून खाली वाचतो आणि एक ओळ खोडतो. नेहमी एक. "हे नाताळात घे," म्हणतो. अशा रीतीने तो आकड्यात बसवतो. यादीची नक्कल स्वतःच्या वहीत उतरवून घेतो. आणि शेवटची अट अशी की जो वापरणार त्यानेच जोडायचं. रोरी स्वतः स्क्रू-ड्रायव्हरला हात लावत नाही. समोर खुर्ची टाकून बसतो, चहा पितो, ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची बिस्किटं, खातो, आणि तुम्ही चुकलात की खोकतो.

तर अशा त्याच्या याद्या माझ्या दुकानात यायच्या, आणि मी त्या दुरुस्त करायचे.

हो. सांगून टाकते. माणूस सत्तरीला आला होता. या धंद्यातल्या वस्तू दर सहा महिन्यांनी कूस बदलतात. कधी तो नव्या मदरबोर्डावर जुन्या जातीची मेमरी लिहायचा. कधी खोक्यात मावणार नाही इतका उंच पंखा. दर तीन-चार याद्यांमागे एखादी चूक. मी गुपचूप योग्य ती वस्तू पिशवीत टाकायचे, किमतीचा मेळ कसाबसा घालायचे आणि गिऱ्हाइकाला काही बोलायचे नाही. गावात रोरीचं नाव होतं. त्याच्यापाशी दुसरं फारसं काही नव्हतं, मग तेवढं राहू दे म्हटलं. अकरा वर्षं मी हे केलं, आणि मला वाटायचं, देव आणि मी सोडून हे कुणालाच ठाऊक नाही.

आता त्या फेब्रुवारीकडे येते.

ताराबिशला रोरी आणि मी भिडू. पंधरा वर्षांपासून. त्या शनिवारी मी हुकमाचा गुलाम, म्हणजे या डावातलं सगळ्यात मोठं पान, नको तेव्हा टाकला. चूक होती, मान्य आहे. डाव गेला. रोरी पत्ते खाली ठेवून सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बर्नी, तुला हातातलं वाचता येत नाही बघ. दुकानात मी लिहून देतो म्हणून तुझं चाललंय!"

सगळं तळघर हसलं. पाववाला रोरी तर इतका हसला की त्याला ठसका लागला.

मी कोट चढवून सरळ घरी आले. मला राग लवकर येतो आणि मुक्कामाला राहतो, हे माझा नवराही सांगायचा. दोन आठवडे माझ्या डोक्यात तेच. याला मी अकरा वर्षं सांभाळून घेतेय, आणि हा मला चारचौघांत वाचता येत नाही म्हणतो! लिहून देतोस ना? बरं. आता जसं लिहिशील तसं देईन.

त्याच दोन आठवड्यांत मोराग गिलिस त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसली.

मोराग अठ्ठावीस वर्षांची. बोलणं मोजकं. आई एफीला दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं, तेव्हापासून घरात या दोघीच. मोराग घरांच्या आतल्या खोल्यांची चित्रं करायला शिकली होती, म्हणजे घर बांधून व्हायच्या आधीच त्यात ऊन कसं येईल, खुर्ची कुठे शोभेल, ते कॉम्प्युटरवर दाखवायचं. हॅलिफॅक्सच्या एका कंपनीने तिला सांगितलं होतं, सोमवारी सकाळी नकाशे पाठवतो, बुधवारपर्यंत पाच खोल्या करून दाखव. जमलं तर घरी बसून काम. तिच्या जुन्या लॅपटॉपवर एका खोलीला दीड दिवस लागायचा. आणि हे जमलं नाही तर देशाच्या पार पश्चिमेला, तेलाच्या विहिरींवरच्या कॅम्पात, स्वयंपाकघरातली नोकरी तयार होती. त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे. मग एफीला आमच्या शेजारच्या सिडनी गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं असतं. आमच्या गावातली निम्मी घरं अशीच रिकामी झालीत, कुणाला नवल वाटलं नसतं. हे सगळं मला उशिरा कळलं. तुम्हाला आधी सांगतेय.

रोरीने तिची यादी दोन शनिवार केली. तिच्याकडे नऊशे डॉलर होते. पहिल्या यादीत त्याने एक प्रोसेसर लिहिला आणि एक साधं ग्राफिक्स कार्ड. काही प्रोसेसर स्वतःच पडद्यावर चित्र दाखवतात. काहींना ते येत नाही, त्यांना वेगळं कार्ड लावावंच लागतं, म्हणून ते थोडे स्वस्त असतात. रोरीने स्वस्तातला लिहिला होता, कारण कार्ड होतंच. मग दुसऱ्या शनिवारी त्याने विचार केला, मोरागचं काम चालतं ते प्रोसेसर आणि मेमरीच्या जोरावर. म्हणून मेमरी दुप्पट केली आणि नेहमीप्रमाणे एक ओळ खोडली. कार्डाची. "हे नाताळात घे, पोरी," म्हणाला. विचार अगदी बरोबर होता. फक्त वरचा प्रोसेसर बदलायचा राहिला.

बुधवारी मोराग यादी घेऊन दुकानात आली. मी वाचली, आणि मला ते दिसलं. तिसऱ्या ओळीत आंधळा प्रोसेसर, आणि खाली कार्ड खोडलेलं. दोन सेकंद लागले नाहीत. चाळीस डॉलर जास्त घालून शेजारच्या फळीवरचा दुसरा प्रोसेसर दिला असता तर प्रश्न मिटला असता. ते चाळीस मी खोक्याच्या किमतीतून सहज सोडले असते, नेहमी सोडायचे तसे.

मोराग म्हणाली, "सगळं आहे ना, बर्नी?"

"यादीत आहे ते सगळं आहे," मी म्हणाले.

आणि दिलं. जसंच्या तसं. मनात म्हटलं, येईल शनिवारी तळघरात, सगळ्यांसमोर सांगेल की पडदा काळाच आहे. बघू मग कोण वाचतं आणि कोण लिहितं. एरवी मी गिऱ्हाइकाला विचारते, कशाला हवाय, घाई आहे का. त्या दिवशी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

शनिवारी इतकं बर्फ पडलं की ताराबिश रद्द झालं.

रविवारी प्रार्थनेहून घरी येऊन बूट काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. मोराग. "बर्नी, सगळं जोडलं. पंखे फिरतायत. पण पडदा काळाच आहे. रोरी इथेच आहेत, त्यांना काही समजत नाहीये." मग तिने सोमवारचं सांगितलं, कॅम्पाचं सांगितलं, आईचं सांगितलं. एरवी वर्षभरात बोलत नाही इतकं बोलली.

मी पुन्हा बूट चढवले.

एफीच्या स्वयंपाकघरात टेबलावर तो कॉम्प्युटर उघडा पडला होता, आणि एफी चाकाच्या खुर्चीतून त्याच्याकडे असं बघत होती, जसं घरात कुणी आजारी निजलंय. रोरी चष्मा लावून उभा. त्याच्या एका हातात त्याची यादी, दुसऱ्या हातात माझं बिल. एकेका ओळीवर अंगठा ठेवत खाली येत होता. शेवटच्या ओळीशी थांबला. पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला. मग माझ्याकडे न बघता हळू म्हणाला, "सगळं जुळतंय."

"रोरी," मी म्हणाले, "तिसरी ओळ बघ."

त्याने बघितली. कार्डाच्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. त्याचा चेहरा उतरला, एवढंच लिहिते. आणखी वर्णन मला जमणार नाही, कारण तो उतरवणारी मी होते. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पोरी, चूक माझी आहे. मी तुला आंधळं जनावर दिलं."

"मग आता?" मोरागने विचारलं.

"आता डोळे शोधायचे."

दुकानातला तो शेजारचा प्रोसेसर शुक्रवारीच विकला गेला होता. नवं सामान घेऊन येणारा ट्रक बर्फामुळे बुधवारशिवाय यायचा नव्हता. मी धावत जाऊन भंगाराची पेटी आणली. तीत चार जुनी कार्डं होती. मोरागने चारही लावून पाहिली. इतकी जुनी की नव्या बोर्डाने त्यांना ओळखच दिली नाही. पडदा काळा तो काळाच.

मग रोरीने खिशातून वही काढली. गावात कुणाच्या घरी काय आहे ते सगळं त्या वहीत. पानं उलटत त्याने दुपारभर एफीच्या फोनवरून माणसं गाठली. एकजण कॉम्प्युटरसकट पश्चिमेला गेलेला. दुसऱ्याच्या भाच्याने कार्ड विकून टाकलेलं. तिसरी बाई इस्पितळात आणि घराला कुलूप. बाकीच्यांच्या यादीत कार्ड नव्हतंच. रोरीनेच खोडलेलं, नाताळात घे म्हणून.

एफी एका बाजूच्या ओठांनी म्हणाली, "अरे मेल्या, एकाने तरी नाताळ साजरा करायचा होता!"

कुणाला हसू आलं नाही. तिला स्वतःला मात्र आलं, आणि त्याने जरा बरं वाटलं.

वहीचं एक पान दुमडून ठेवलेलं होतं. रोरीने ते उलगडलं नाही, पण अंगठा बराच वेळ त्यावर होता. मला ठाऊक होतं ते कुणाचं. सांगायची छाती झाली नाही.

शेवटी त्यानेच वही मिटली. "फ्लोराच्या खोलीत एक आहे," म्हणाला.

फ्लोराला गाव सोडून पश्चिमेला जाऊन आठ वर्षं झाली होती. ती हिशेब लिहायची कामं करायची, आणि रोरीने स्वतःला पिळून तिला एक उत्तम कॉम्प्युटर जुळवून दिला होता. आयुष्यात तेवढी एकच यादी, जिच्यातलं त्याने काही खोडलं नाही. घरी बसून काम कर, जाऊ नकोस, असं तोंडाने म्हणणं त्याला जमलं नसतं, म्हणून यादी केली. फ्लोराने तो मोठ्या हौसेने जोडला. तीन महिन्यांनी ती गेलीच. तिकडेच लग्न केलं, तिकडेच मुलगा झाला. दर रविवारी फोन करते. बापलेक हवामानावर बोलतात.

आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो, दोन गल्ल्या सोडून. एफीपाशी शेजारीण बसली. फ्लोराच्या खोलीत पडदे ओढलेले, बिछाना घातलेला, आणि टेबलावर तो कॉम्प्युटर. वर एक कपडा. रोरीने कपडा उचलला आणि घडी करत राहिला. चार घड्या झाल्या, पाच झाल्या, तरी करतोच आहे.

मोराग म्हणाली, "राहू द्या. अहो, खरंच राहू द्या. मी कॅम्पात हो म्हणून कळवते."

"गप बस," रोरी म्हणाला. आणि त्याने फ्लोराला फोन लावला. त्याला ऐकायला कमी येतं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"पप्पा? काय झालं? आपलं बोलणं सहा वाजता असतं."

"काही नाही झालं. बर्फ आहे." मग म्हणाला, "फ्लोरा, तुझ्या कॉम्प्युटरमधलं कार्ड हवंय. एफीच्या मोरागला. उद्या तिची परीक्षा आहे. देऊ का?"

पलीकडून फ्लोरा म्हणाली, "पप्पा, तो अजून आहे?"

"आहे."

"मला वाटलं, मी गेले त्याच वर्षी तू कुणालातरी दिलास."

"नाही दिला."

"आठ वर्षं? अरे, तुझ्याकडे लोक रडत यायचे कार्डासाठी. पप्पा... धूळ बसली असेल त्यावर."

"नाही. दर शनिवारी पुसतो."

मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्याची बर्फात पुरलेली गाडी होती. तीच बघत राहिले.

फ्लोरा रडत होती की नाही ते कळलं नाही. ती म्हणाली, "मोरागला सांग, डावीकडचा वरचा स्क्रू घट्ट बसलाय. तो मी वाकडा घातला होता. तू खोकला होतास, पण मी ऐकलं नाही."

"आठवतंय," रोरी म्हणाला.

कार्ड मोरागनेच काढलं. तो वरचा स्क्रू हटेना. तेव्हा रोरी खुर्चीतून उठला, तिच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तळहाताने दाब देऊन तो स्क्रू स्वतः फिरवला. त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. स्क्रू त्याने खिशात टाकला.

साडेपाचला एफीच्या स्वयंपाकघरात पडदा उजळला. मोराग टेबलावर डोकं टेकून रडली. एफीने डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं आणि मला सांगितलं की फ्रिजमध्ये खिमा भरलेली पाय-पेस्ट्री आहे, गरम कर, सगळ्यांना वाढ. मी वाढलं. स्वतःचं ताट तेवढं मांडलं नाही.

रोरीला मी गाडीतून घरी सोडलं. दारात गाडी उभी केली, तरी तो उतरेना.

"बर्नी, बिल जुळलं."

"काय?"

"तुझं बिल. माझ्या यादीशी, ओळीला ओळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच."

मला कळायला वेळ लागला. "तुला माहीत होतं?"

"मी दिव्यांच्या खोलीत पंचवीस वर्षं काढली, बाई. कागदाला कागद लावून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. जोडायला बसलो की बिल मागून घेतो. पहिल्यांदा बदललेलं बघितलं तेव्हा राग आला. घरी जाऊन मासिकात शोधलं, तर तुझंच बरोबर. पुढच्या वेळीही तुझंच. मग म्हटलं, बरं आहे, आपल्यामागे कुणीतरी बघतंय. निर्धास्तपणे लिहायला लागलो."

"मग एका शब्दाने बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"आणि तळघरात? सगळ्यांसमोर? वाचता येत नाही म्हणून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, थट्टा केली! मला वाटलं, हे आपल्या दोघांचं गुपितच आहे. तू मनातल्या मनात हसशील असं वाटलं." मग म्हणाला, "आज ते बिल जुळलेलं बघितलं आणि छातीत धस्स झालं. म्हटलं, बर्नी आजारी आहे की काय."

तोपर्यंत मी स्वतःला कसंबसं सावरलेलं होतं. त्या वाक्याने मी फुटले. स्टिअरिंगवर हात ठेवून पोरीसारखी रडले आणि सांगून टाकलं. "आजारी नव्हते रे. मला दिसलं होतं. दोन सेकंदांत दिसलं होतं. मुद्दाम दिलं. तुझी फजिती व्हावी म्हणून. सोमवारचं मला माहीत नव्हतं, पण ते विचारलंही नाही मी."

काचेवर बर्फ साचत होतं, तो ते बघत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे पत्ते वाचता येतात तुला. टाकताना तेवढं चुकतं."

मग दार उघडून एक पाय बाहेर ठेवला आणि म्हणाला, "मोरागला सांग. आत्ता नको, तिचं काम होऊ दे. पण सांग."

गुरुवारी मी सांगितलं. मोरागने पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाली, "माझी आई आश्रमात गेली असती, बर्नी." एवढंच. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही आणि विसरावं असंही वाटत नाही. त्यानंतर तिने उठून चहा टाकला, दोन कप.

पाचही खोल्या तिने बुधवारी दुपारीच पाठवल्या होत्या. शुक्रवारी सकाळी हॅलिफॅक्सहून होकार आला, आणि दुपारी तिने कॅम्पाला नकार कळवला. आता एफी तिच्या शेजारी बसून परक्यांच्या बैठकीच्या खोल्यांना नावं ठेवत असते. "एवढी मोठी खिडकी? पुसणार कोण?"

रोरी अजून याद्या करतो. चुका थोड्या वाढल्यात. तोही मान्य करतो, पण फक्त माझ्याजवळ.

मागच्या महिन्यात तो दुकानात आला, हातात गुणांचा कागद. फ्लोराच्या मुलाला कॉम्प्युटर जुळवायचा होता, आणि त्याने हट्ट धरला होता की यादी आजोबांचीच हवी. माझ्यासमोर कागद ठेवतोय तोच त्याचा फोन वाजला. फ्लोरा होती. पोराला धीर निघत नव्हता. मागून त्याचा आवाज येत होता.

"हो, हो, झाली लिहून," रोरी फोनमध्ये ओरडून म्हणाला, म्हणजे त्याच्या नेहमीच्या आवाजात. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती, त्यांतला एक पाववाला रोरी. "पण त्याला म्हणावं, थांब जरा. बर्नीने अजून वाचली नाही."